सुरुवातीच्या ख्रिस्ती पत्रांतल्या गोष्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल अभ्यासाच्या गटांतून, प्रवचनाची तयारी करणाऱ्यांकडून आणि केवळ जुन्या वाङ्मयाच्या ओढीने ही पत्रं वाचणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळ्यांचा गाभा एकच आहे: समोरच्याचं मन वळवायला या लेखकांनी गोष्टींचा उपयोग कसा केला? प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. माणसांची आणि पत्रांची नावं मराठी बायबलच्या वळणाची आहेत.

१. 'सुरुवातीची ख्रिस्ती पत्रं' म्हणजे नेमकी कोणती?

नव्या करारातल्या २७ पुस्तकांपैकी २१ पत्रं म्हणून गणली जातात. त्यातल्या १३ पत्रांवर प्रेषित पौलाचं नाव आहे. रोमकरांस, करिंथकरांस पहिलं आणि दुसरं, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिलं आणि फिलेमोनाला ही सात पत्रं त्याचीच, याबद्दल अभ्यासकांत जवळजवळ एकमत आहे. ती साधारण इसवी सन ५० ते ६० या काळातली, म्हणजे चारही शुभवर्तमानांच्या आधीची. उरलेल्या काही पत्रांच्या कर्तृत्वाबद्दल वाद आहे (प्रश्न १४ पाहा).

नव्या कराराबाहेरचीही काही पत्रं याच प्रवाहातली आहेत. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या मंडळीने (म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाने) करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पत्र, अंत्युखियाचा बिशप इग्नाती याची सात पत्रं आणि स्मुर्णाचा बिशप पोलिकार्प याच्या हौतात्म्याची हकिगत सांगणारं स्मुर्णाच्या मंडळीचं पत्र या पानावर येतील.

२. पत्रात गोष्ट कशाला? मुद्दा सरळ सांगता येत नव्हता का?

येत होता, आणि सरळ सांगितलेलंही भरपूर आहे. पण ही पत्रं एकट्याने मनात वाचण्यासाठी नव्हती. थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्राच्या शेवटी पौल प्रभूची शपथ घालून सांगतो की हे सर्व बंधूंना वाचून दाखवा. रोमकरांचं पत्र तर्तियाने लिहून घेतलं, आणि ते किंख्रियाच्या फिबीने रोमला नेलं असावं. पौल तिची ओळख करून देतो ती याच पत्रात. कोणाच्या तरी घरात मंडळी जमायची. त्यात घरधनी असत, दास असत, कारागीर आणि बायका असत. बहुतेकांना स्वतः वाचता येत नसे. सलग युक्तिवाद कानावरून निसटतो, प्रसंग मात्र घरी जातानाही डोक्यात राहतो.

दुसरं कारण त्या काळच्या शिक्षणातलं. ग्रीक-रोमन वक्तृत्वात न्यायालयातल्या भाषणाचा एक ठरलेला भागच घटनाकथनाचा असे. पहिल्या शतकातला रोमन अध्यापक क्विन्टिलियन सांगतो की हे कथन थोडक्यात, स्पष्ट आणि पटेल असं हवं. ऐकणारे या पद्धतीला सरावलेले होते.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण करतो आणि उत्तररंगात आख्यान लावतो. आख्यान शेवटास जातं, आरती होते, श्रोते उठतात. या पत्रांत निरूपण आणि आख्यान एकमेकांत मिसळलेलं असतं आणि आख्यान बहुतेक वेळा अर्ध्यावर थांबतं. पुढचा भाग ऐकणाऱ्यांनी आपल्या वागण्यातून पुरा करायचा असतो. खालच्या बऱ्याच उत्तरांत हे दिसेल.

३. वाचायला सुरुवात कुठून करावी?

फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रापासून. ते अवघं २५ वचनांचं आहे, पाच मिनिटांत मोठ्याने वाचून होतं. मग गलतीकरांस पत्राचे पहिले दोन अध्याय एका बैठकीत वाचा, आणि तिसऱ्या अध्यायाचं पहिलं वचन वाचल्याशिवाय थांबू नका. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली आहे, वचनांचे आकडे सोळाव्या शतकातले. मूळ लेखकाने तिथे श्वास घेतलेला नाही, त्यामुळे अध्याय संपला म्हणून पुस्तक मिटलं तर गोष्ट आणि तिचा रोख यांची ताटातूट होते.

शक्य असेल तर दोन मराठी भाषांतरं शेजारी ठेवा. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं भाषांतर आणि आजचं प्रचलित भाषांतर ताडून पाहिलं की अवघड जागा आपोआप नजरेत भरतात.

४. पौल येशूच्या गोष्टी जवळजवळ सांगतच नाही. त्याला त्या माहीत नव्हत्या का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि तो रास्त आहे. पौलाच्या पत्रांत येशूने सांगितलेला एकही दाखला (बोधकथा) नाही, येशूने केलेला एकही चमत्कार नाही. तरीही यावरून अज्ञान सिद्ध होत नाही. पत्रं लिहिली गेली ती आधीच विश्वास ठेवलेल्या लोकांना. मूळ कथा त्यांना तोंडी सांगून झाली होती. पौल ती बाहेर काढतो ती नड पडल्यावर.

करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय पाहा. प्रभुभोजनाला जमल्यावर काही जण आपलं जेवण आधीच उरकत होते. एक उपाशी राहायचा, दुसरा पिऊन तर्र व्हायचा. ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांची शोभा होत होती. यावर पौल थेट नियमावर येत नाही. तो सांगू लागतो: प्रभू येशू ज्या रात्री धरून दिला गेला, त्या रात्री त्याने भाकर घेतली, उपकार मानून मोडली… त्या रात्री भाकर मोडली गेली ती सगळ्यांसाठी. इथे मात्र ताटं वेगळी पडली आहेत. दोन जेवणं समोरासमोर ठेवली की दोष वेगळा दाखवावा लागत नाही. मग अगदी साधी सूचना येते: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

फिलिप्पैकरांच्या पत्रातही तेच आहे. ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, वधस्तंभावरच्या मरणापर्यंत आज्ञा पाळली, हे कवितेसारखं निवेदन दुसऱ्या अध्यायात येतं. चौथ्या अध्यायात युवदिया आणि सुंतुखे या दोघींना एकचित्त होण्याची विनंती आहे. पत्र सगळ्यांसमोर वाचलं जात असताना त्या दोघी तिथेच बसलेल्या असणार.

५. गलतीकरांस पत्रात पौल स्वतःचीच कहाणी एवढी का लावतो?

गलतीयात पौलाच्या मागून आलेल्या काही उपदेशकांनी यहुदीतर विश्वासणाऱ्यांना सांगितलं होतं की सुंता केल्याशिवाय भागणार नाही. पौलाची शिकवण अर्धवट आहे आणि खरा अधिकार यरुशलेमातल्या थोरांचा आहे, असा त्यामागचा सूर असावा. म्हणून पौलाला दोन गोष्टी दाखवायच्या आहेत: आपली सुवार्ता उसनी नाही, आणि त्या थोरांनीही ती नाकारली नाही.

त्याचं कथन साक्षीदाराच्या जबानीसारखं आहे. पाचारण झाल्यावर मी यरुशलेमला गेलो नाही. अरबस्तानात गेलो, मग दिमिष्कास परतलो. तीन वर्षांनी केफाला (म्हणजे पेत्राला) भेटायला गेलो, त्याच्याकडे पंधरा दिवस राहिलो. प्रभूचा भाऊ याकोब सोडून दुसरा प्रेषित पाहिला नाही. आणि लगेच: देवासमोर सांगतो, हे खोटं नाही. शपथ बरोबर या जागी का पडते? कारण आरोपाचं मूळ इथेच आहे. तो यरुशलेमात किती दिवस होता आणि कोणाकडून काय शिकला, हेच प्रतिपक्ष उगाळत असणार. पंधरा दिवसांत ओळख होते, शिष्यत्व होत नाही.

मग चौदा वर्षांनंतरची भेट. बर्णबा बरोबर आहे आणि तीतही आहे. तीत ग्रीक, सुंता न झालेला. यरुशलेमच्या पुढाऱ्यांसमोर तो उभा राहिला आणि त्याच्यावर सुंतेची सक्ती झाली नाही. पौलाला आणखी पुरावा द्यावा लागत नाही; चालताबोलता पुरावा त्याने बरोबर नेला होता. याकोब, केफा आणि योहान उजवा हात देऊन सहभागिता मान्य करतात. गरिबांची आठवण ठेवा, एवढंच सांगतात.

शेवटचा प्रसंग अंत्युखियाचा. केफा यहुदीतरांच्या पंगतीला बसत होता. याकोबाकडून काही माणसं आली तसा तो हळूहळू मागे सरकला. बाकीचे यहुदीही सरकले, बर्णबासुद्धा वाहवला. पौलाने सगळ्यांदेखत केफाला सुनावलं. यावर केफा काय म्हणाला? पत्रात काहीच नाही. पौल जिंकला असता तर त्याने ते सांगितलंच असतं, म्हणून तिथे त्याचं कोणी ऐकलं नसावं, असा तर्क बरेच अभ्यासक करतात. मला तो पटतो. पण निकाल वगळल्याने कथनाला बळच येतं. केफाला उद्देशून सुरू झालेलं बोलणं कोणाच्याही नकळत सर्वांना उद्देशून होतं आणि पुढचंच वाक्य येतं, 'अहो बुद्धिहीन गलतीकरांनो!' अंत्युखियातल्या पंगतीचं काय झालं हे कळत नाही. आता सरकायचं की बसून राहायचं, हे गलतीकरांनी ठरवायचं आहे.

६. पौलाचं ते बोलणं नेमकं कुठे संपतं? माझ्याकडच्या दोन बायबलांत अवतरणचिन्ह वेगवेगळ्या जागी आहे.

दोन्ही भाषांतरकारांनी आपापल्या परीने अंदाज केला आहे. प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत अवतरणचिन्हं नाहीत. काही जण केफाला विचारलेल्या एका प्रश्नावर, म्हणजे २:१४ वर चिन्ह बंद करतात, काही जण थेट अध्यायाच्या अखेरीस, २:२१ वर. माझ्या मते सीमा पुसट असणं हीच इथली खुबी आहे. कारण वरच्या उत्तरात आलंच आहे.

७. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात हाच इतिहास वेगळा दिसतो. मग पौल बनवून सांगतो का?

फरक खरे आहेत. कृत्यांच्या नवव्या अध्यायात बर्णबा पौलाला प्रेषितांकडे नेतो. पौल स्वतः फक्त केफा आणि याकोब यांचीच भेट मान्य करतो. कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमात मोठी सभा भरते. पौल प्रतिष्ठितांबरोबरच्या खासगी बैठकीबद्दल सांगतो. कृत्यांत पौल आणि बर्णबा वेगळे होतात ते योहान मार्काला बरोबर न्यायचं की नाही यावरून. अंत्युखियातल्या पंगतीचा तिथे उल्लेखच नाही. गलतीकरांस पत्रातली भेट ही कृत्यांच्या अकराव्या अध्यायातली दुष्काळी मदतीची भेट असावी, असंही काही जण मानतात.

दोघांची गरज वेगळी होती, हे आधी लक्षात घ्यायला हवं. पौल ऐन भांडणात, शपथेवर, हयात साक्षीदारांची नावं घेऊन लिहितो. कृत्यांचा लेखक नंतरच्या काळात मंडळीच्या वाढीचा सलग इतिहास मांडतो. पौलाचं कथन निवडक आहे यात शंका नाही. पण ज्यांच्याबद्दल तो बोलतो ते सगळे तेव्हा जिवंत होते. खोटं पकडलं जाण्याची जोखीम त्याचीच होती.

८. पौल आणि याकोब अब्राहामाचीच गोष्ट सांगून उलट निष्कर्ष कसे काढतात?

दोघे ती वेगवेगळ्या जागी थांबवतात. उत्पत्तीच्या पुस्तकातला क्रम असा: पंधराव्या अध्यायात अब्राहाम विश्वास ठेवतो आणि तो त्याच्याकडे नीतिमत्त्व म्हणून गणला जातो. इश्माएल जन्मतो तेव्हा तो ८६ वर्षांचा आहे. सुंता होते सतराव्या अध्यायात, वयाच्या ९९ व्या वर्षी. इसहाकाला वेदीवर बांधण्याचा प्रसंग बाविसाव्या अध्यायात.

रोमकरांच्या चौथ्या अध्यायात पौल एकच प्रश्न विचारतो: तो नीतिमान गणला गेला तो केव्हा, सुंतेनंतर की आधी? सगळ्यांना पाठ असलेल्या कथेचा क्रम विचारला की उत्तर ऐकणाऱ्याच्याच तोंडून येतं. निदान तेरा वर्षं आधी. म्हणजे सुंता न झालेल्यांचाही तो बाप ठरतो. तारखांवर उभा राहिलेला असा युक्तिवाद मला फार देखणा वाटतो.

याकोबाच्या पत्रातला रोग वेगळा आहे. तिथे भाऊ किंवा बहीण उघडी आहे, उपाशी आहे, आणि कोणी म्हणतं, 'सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर जेवा', पण देत काहीच नाही. म्हणून याकोब कथा बाविसाव्या अध्यायापर्यंत नेतो: त्या कृतीने विश्वास पूर्णत्वाला गेला. शेजारी तो यरीहोच्या राहाबला उभी करतो. कुलपिता आणि वेश्या यांना एकाच वाक्याच्या मापात बसवणं हे धाडस आहे, आणि राहाबने जे केलं ते हेरांना घरात घेऊन वाचवण्याचं, म्हणजे हाताने करायचंच काम होतं.

९. हागार आणि सारा यांच्या गोष्टीचा पौल लावतो तो अर्थ ओढूनताणून नाही का?

गलतीकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात दासी हागार म्हणजे सीनाय पर्वत आणि 'आताचं यरुशलेम', आणि स्वतंत्र सारा म्हणजे 'वरचं यरुशलेम' असं रूपक आहे. साध्या वाचनात इसहाकाची संतती म्हणजे यहुदी लोक. पौल ते उलटं करतो. बऱ्याच अभ्यासकांचा तर्क असा की ही कथा प्रतिपक्षानेच आधी वापरली असावी: अब्राहामाचे खरे वारस व्हायचं तर अब्राहामासारखी सुंता करा. तसं असेल तर पौलाला ती टाळता येत नव्हती, त्यांच्याच हातातून काढून घ्यावी लागली.

हे रूपक पुढे शतकानुशतकं यहुद्यांविरुद्ध वापरलं गेलं आणि त्याचे परिणाम भयानक झाले, हे ठामपणे सांगायला हवं. पौल स्वतः यहुदी होता, त्याचे प्रतिस्पर्धीही येशूला मानणारे होते. ते भांडण घरातलं होतं. प्रवचनात हा उतारा घेणाऱ्यांनी रोमकरांचे ९ ते ११ हे अध्याय सोबत वाचावेत.

१०. करिंथचे लोक बहुतेक ग्रीक. त्यांना इस्राएलाच्या अरण्यवासाची गोष्ट लागू कशी?

पौल पहिल्याच वाक्यात ती लागू करतो: 'आपले सर्व पूर्वज मेघाखाली होते, सर्व समुद्रातून पार गेले.' कालपर्यंत मूर्तिपूजक असलेल्या माणसांना तो 'आपले पूर्वज' म्हणतो. एवढ्याने ते कुटुंबात आले, आणि कुटुंबात आले म्हणून कुटुंबाच्या चुकाही त्यांच्या झाल्या. पूर्वजांनीही आध्यात्मिक अन्न खाल्लं, तरी बहुतेक अरण्यात पडले. तेव्हा प्रभुभोजन घेतो म्हणून मूर्तींच्या देवळातल्या मेजवान्या पचतील, असं समजू नका.

इथेच एक जण नेहमी विचारतो की पौल 'एका दिवसात २३ हजार पडले' म्हणतो, पण गणनाच्या पंचविसाव्या अध्यायात २४ हजार आहेत. तफावत खरी आहे. एका दिवसाचाच आकडा दिला असेल, किंवा सोन्याच्या वासराच्या प्रसंगातले तीन हजार त्याच्या मनात मिसळले असतील, असे खुलासे दिले जातात. वासराच्या प्रसंगातलं वाक्य त्याने नुकतंच उद्धृत केलेलं असल्याने दुसरा खुलासा जास्त नैसर्गिक वाटतो. त्याच्या मुद्द्याला यामुळे बाध येत नाही.

११. टोपलीतून पळाल्याची गोष्ट पौल अभिमानाने का सांगतो? ती तर लाजेची आहे.

लाजेची आहे, म्हणूनच. करिंथला काही प्रतिस्पर्धी प्रेषित आले होते, शिफारसपत्रं आणि पराक्रमांच्या याद्या घेऊन. पौल म्हणतो, मीही मूर्खासारखी फुशारकी मारतो, आणि यादी सुरू होते: पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीन वेळा जहाज फुटलं, एक दिवस आणि रात्र खोल समुद्रात. थोरांच्या यादीचा साचा तोच, पण भरलेला पराभवांनी.

शेवटी दिमिष्क. अरीतास राजाच्या अधिकाऱ्याने पहारा बसवलेला, आणि पौलाला तटाच्या खिडकीतून टोपलीत बसवून खाली सोडलं. रोमन सैन्यात शत्रूच्या तटावर सर्वांत आधी चढणाऱ्याला सोन्याचा मुकुट मिळे. करिंथ ही रोमन वसाहत. हा मान तिथे माहीत असणार. पौलाच्या मनात तोच होता की नाही हे तो सांगत नाही, पण तट चढणाऱ्या वीराशेजारी टोपलीतून उतरणारा प्रेषित ठेवून पाहिला की पुढे प्रभूच्या तोंडचं म्हणून त्याने दिलेलं वाक्य उमगतं: माझं सामर्थ्य अशक्तपणात पूर्णत्वास येतं.

मधल्या दृष्टान्ताच्या कथेत तर तो स्वतःचं नावही घेत नाही. चौदा वर्षांपूर्वी 'एक मनुष्य' तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलला गेला, त्याने ऐकलं ते उच्चारता येत नाही. प्रतिस्पर्धी ज्या अनुभवावर अधिकार सांगतात तो माझ्यापाशीही आहे, एवढं सुचवून पौल दार लावून घेतो.

१२. फिलेमोनाच्या पत्रात पौल 'दासाला मुक्त कर' असं सरळ का म्हणत नाही? आणि तो दास, अनेसिम, पळून आला होता का?

दुसरा भाग आधी. 'पळून आला' असं पत्रात कुठेही नाही. ती परंपरेने चालत आलेली समजूत आहे. धन्याशी बिनसल्यावर त्याच्या मित्राकडे मध्यस्थीसाठी गेलेला दास, असाही अर्थ लागतो. रोमन लेखक धाकटा प्लिनी याने साबिनियानस नावाच्या मित्राला असंच एक पत्र लिहिलं आहे: तुझा मुक्तदास माझ्या पाया पडला, रडला, त्याला क्षमा कर. प्लिनी चूक मान्य करतो, मी त्याला खडसावलं आहे असं सांगतो आणि दया मागतो.

पौल वेगळी गोष्ट रचतो. तीत अनेसिम हा माझ्या बंदिवासात विश्वासात जन्मलेला माझा मुलगा आहे, माझं काळीज आहे. कदाचित तो थोडा वेळ तुझ्यापासून दूर झाला तो यासाठीच की कायमचा परत मिळावा, आता दास म्हणून नाही, प्रिय बंधू म्हणून. 'कदाचित' हा शब्द टाकून पौल घडलेल्या प्रकाराचा कर्ताच बदलतो: अनेसिम गेला असं न म्हणता, तो दूर केला गेला असं म्हणतो. त्यामागे देवाचा हात असेल तर रागावणार कोणावर?

मग हिशोब. त्याने काही नुकसान केलं असेल तर माझ्या नावावर मांड. मी पौल स्वहस्ते लिहितो, मी फेडीन. आणि लागलीच: तू स्वतःच मला देणं लागतोस, हे बोलतच नाही! शेवटी, माझ्यासाठी पाहुण्याची खोली तयार ठेव. म्हणजे मी येणार आहे आणि बघणार आहे. यात प्रेम आहे तसा दाबही आहे. पत्र फिलेमोनाच्या एकट्याच्या नावेही नाही. अप्फिया, अर्खिप्प आणि त्याच्या घरची मंडळी यांचाही त्यात उल्लेख आहे. सगळ्यांच्या कानांवर हे पडलं, आणि अनेसिमही बहुधा तिथेच उभा होता.

मुक्तीची आज्ञा नसणं मला खटकतं, आणि खटकायला हवं. या मौनाचा आधार घेऊन पुढे गुलामगिरीच्या समर्थकांनी पळालेले गुलाम परत पाठवणं योग्य ठरवलं. 'मी सांगतो त्याहूनही जास्त तू करशील' एवढ्यावर पौल थांबतो. पुढे फिलेमोनाने काय केलं, हे कोणत्याही पत्रात नाही.

१३. प्रेषितांनंतरच्या पत्रांत ही पद्धत टिकली का? हुतात्म्यांच्या हकिगती पत्रांतूनच आल्या म्हणतात.

टिकली, आणि इथे तिचा पल्ला वाढला. पूल म्हणून इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय पाहावा: हाबेलपासून 'विश्वासाने… विश्वासाने…' अशी लाट येत राहते, गती वाढत जाते, नावं संपून नुसत्या यातना उरतात, आणि मग सांगितलं जातं की या सर्वांना अजून वचनफळ मिळालेलं नाही, आपल्यावाचून ते पूर्ण होणार नाहीत. एवढी मोठी गोष्ट अडली आहे ती ऐकणाऱ्यांपाशी.

करिंथच्या मंडळीने आपल्या वडीलवर्गाला, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांना, पदांवरून काढलं, तेव्हा रोमहून गेलेल्या पत्रात (परंपरेने ते क्लेमेंटचं मानलं जातं, मजकुरात नाव नाही) मत्सराने झालेल्या नाशाची मालिका आहे: काइन आणि हाबेल, योसेफाचे भाऊ, दावीद आणि शौल, आणि शेवटी 'आपल्या पिढीतले' पेत्र आणि पौल. याच पत्रात पुनरुत्थान पटवायला फिनिक्स पक्ष्याची गोष्ट आहे. ती ग्रीक-रोमन जगाला पूर्वापार ठाऊक होती. श्रोत्यांच्या भांडारातलंच नाणं काढून त्यांना दिलं.

इग्नातीला दहा सैनिकांच्या पहाऱ्यात रोमला नेत होते. या 'दहा चित्त्यां'बद्दल तो वाटेतूनच लिहितो. मला सोडवू नका, मी देवाचा गहू आहे, श्वापदांच्या दातांनी दळला जाऊ द्या, अशी त्याची रोमकरांना विनवणी आहे. हे वाचून आजही अंगावर काटा येतो, आणि असं मरण ओढवून घ्यावं का, हा प्रश्नही पडतो.

त्याला उत्तर म्हणावं असं स्मुर्णाच्या पत्रात आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर ते फिलोमेलियमच्या मंडळीला पाठवलं गेलं. त्यात आधी क्विंटस येतो: स्वतःहून पुढे झाला, इतरांनाही भरीस घातलं, आणि श्वापदं पाहताच कचरला. मग पोलिकार्प. तो शहराबाहेरच्या मळ्यावर जातो; पकडायला आलेल्यांना जेवू घालतो, प्रार्थनेला वेळ मागतो, आणि ख्रिस्ताला शिव्या दे म्हटल्यावर म्हणतो, ८६ वर्षं मी त्याची सेवा केली, त्याने माझं काही वाईट केलं नाही. दोघांच्या मध्ये पत्र एकच वाक्य स्पष्ट सांगतं: स्वतःला हवाली करणाऱ्यांची आम्ही वाखाणणी करत नाही. छळाच्या काळात कसं वागावं याचा धोरणात्मक सल्ला दोन माणसांच्या गोष्टींतून दिला आहे.

१४. पत्र दुसऱ्याच्या नावाने लिहिलं असेल, तर त्यातल्या वैयक्तिक गोष्टींचं काय करायचं?

सगळ्यांत अवघड प्रश्न हाच. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल म्हणतो, त्रोवसात कार्पाकडे ठेवलेला झगा येताना घेऊन ये, पुस्तकंही, विशेषतः चर्मपत्रं. हे पत्र पौलाचं नाही असं अनेक अभ्यासक मानतात. काहींच्या मते हा तपशील इतका किरकोळ आहे की तो खराच असणार, निदान पौलाच्या खऱ्या चिठ्ठीतून आलेला. इतरांचं म्हणणं, खरेपणाचा भास अशाच किरकोळ तपशिलांनी होतो. शिष्याने गुरूच्या नावे लिहिणं तेव्हा मान्य होतं, असं एक उत्तर दिलं जातं. ते पूर्ण पुरत नाही, कारण खोट्या नावाची पत्रं त्या काळीही नाकारली जात. थेस्सलनीकाकरांच्या दुसऱ्या पत्रात तसा इशाराच आहे.

माझा कल असा: कर्तृत्व अनिश्चित असेल तिथे झग्यावरून पौलाचं चरित्र रचू नये. पण त्या गोष्टीचं पत्रातलं काम पाहता येतं. एकटा पडलेला, थंडीच्या आधी मित्राची वाट पाहणारा म्हातारा डोळ्यांसमोर उभा राहिला की आधीचा 'ठेव सांभाळ' हा उपदेश मृत्युपत्रासारखा ऐकू येतो.

पेत्राच्या दुसऱ्या पत्रात अडचण आणखी टोकाला जाते. तिथे लेखक म्हणतो की आम्ही चातुर्याने रचलेल्या कथांच्या मागे लागलो नाही, पवित्र डोंगरावर येशूबरोबर असताना स्वर्गातून आलेली वाणी आम्ही स्वतः ऐकली. सगळा भरवसा 'आम्ही तिथे होतो' यावर, आणि बहुतेक अभ्यासकांना पेत्राच्या कर्तृत्वाचीच शंका. ही शंका आजची नाही. चौथ्या शतकात मंडळीचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियसने हे पत्र वादग्रस्त पुस्तकांत घातलं, आणि तरीही ते पुष्कळांना मान्य आहे अशी नोंद केली.